डावं पुढचं

कोजागरी झाली, घाट कोरडे झाले,
म्हणून मुलीच्या गाडीची पावसाळी चाकं उतरवली.
खोल नक्षीची चार. आठवड्यातून दोनदा तिला
माळशेजपलीकडच्या साइटवर जावं लागतं, म्हणून घेतलेली.
घणसोली, सेक्टर नऊ, इमारतीखालचं पार्किंग,
जॅक, पान्हा, फाटकी चादर
आणि खुर्ची टाकून बसलेले वॉचमन भोईर,
ज्यांना प्रत्येक नटाबद्दल मत आहे.

पावसाळी चाकांत सेन्सर नाहीत.
चार महिने पिवळा दिवा जळत होता
आणि तिनं त्याच्यावर टेपचा तुकडा चिकटवलेला.
आज टेप सोलली, सोसायटीला एक चक्कर मारली.
दिवा तसाच. खाली अक्षरं:
मागचं उजवं, सव्वीस.

मी माझं पितळी गेज लावलं.
बत्तीस वर्षं रबाळ्याच्या प्लांटमध्ये हेच केलं,
तपासायचं, जुळवायचं, शिक्का मारायचा.
मागचं उजवं तेहतीस.
पुन्हा लावलं. तेहतीस.
"दिवा खोटं बोलतोय," भोईर म्हणाले.

खोटं नव्हता बोलत.
पुढच्या डाव्याला लावलं तर काटा सव्वीसवर.
सेन्सर बसतो चाकाच्या पोटात,
चाक जाईल तिकडे जातो,
आणि गाडी त्याला मे महिन्यातल्या पत्त्यावर शोधते.
आकडा खरा.
पत्ता चुकलेला.

मी चादरीवर बसलो.
मृद्गंधानं विचारलं, "बाबा, कंबर?"
म्हटलं, हो, कंबर.

शहाण्णव साली, शटडाऊननंतर,
दोन ट्रान्समीटर मी परत चढवले,
एकशेचार आणि एकशेसात.
दोन्ही माझ्याच टेबलावर तपासलेले, केसभर फरक नाही.
फक्त एकाच्या जागी दुसरा.
कंट्रोल रूमनं दाब वाचला, अगदी बरोबर वाचला,
आणि रिकामी म्हणून जी लाइन ठरली
ती उघडायला दीनानाथ खारपाटील गेला.
अहवालात आलं, व्हॉल्व्ह जुना होता.
होताही जुना.

दीनानाथ अजून भेटतो, तळवलीला, मासळी घेताना.
हात पुढे करतो तो डावा.
मीही डावाच देतो.
इतकी वर्षं झाली, कुणाचा गोंधळ होत नाही.

तर किल्ली एक घर फिरवायची, इंजिन बंद.
रिमोटची दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची.
हॉर्न दोनदा वाजतो, म्हणजे गाडी ऐकायला बसली.
मग डाव्या पुढच्याची टोपी काढून
नखानं सुई दाबायची, थोडी हवा सोडायची,
की गाडी एकदाच हॉर्न देते: कळलं.
मग उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं.
देवळाला घालतो त्याच दिशेनं.

तिसऱ्याला हॉर्न वाजेना.
हवा सुटत राहिली, उन्हाळ्यात भरलेली,
रबराच्या जुन्या वासाची, बोटाला गार.
पहिल्या मजल्यावरून घरतबाई ओरडल्या,
"कोण सारखा हॉर्न मारतंय?"
मी सुई सोडली नाही.
इतका वेळ धरली की मृद्गंधा म्हणाली, राहू द्या,
उद्या शोरूमला नेते.
तेव्हा वाजला.

मग पायपंपानं चारही तेहतीसला आणली,
तिनं दोन, मी दोन, मध्ये पाणी पिऊन.
दिवा विझला. मोठं काही झालं नाही,
एक दिवा नव्हता एवढंच.

तरी मी वरून प्लांटमधलं पांढरं पेन आणलं
आणि प्रत्येक रिमच्या आतल्या बाजूला लिहिलं,
डा.पु., उ.पु., उ.मा., डा.मा.
उतरवलेल्या चारांवरही लिहिलं,
ज्यांच्यात काहीच नाही, जी काही सांगत नाहीत.
अक्षर अजून बरं येतं.

"आता लिहून कशाला?" ती हसली.
"आता गाडीला कळलंय ना सगळं?"

हो, म्हटलं.
गाडीला कळलंय.